टिपणी कोणाची, सही कोणाची?

माझा भाचा गेल्या वर्षी शिकायला फ्रान्सला गेला. पहिल्या काही महिन्यांसाठी त्याच्या राहण्याची सोय एका फ्रेंच कुटुंबात झाली होती. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याचे निरोप येऊ लागले आणि आमच्याकडे जणू नवी मालिकाच सुरू झाली. इथे पाव ताटात ठेवत नाहीत, थेट टेबलावर ठेवतात. चीज जेवणाच्या शेवटी येते, पण गोडाच्या आधी. जेवताना हात मांडीवर ठेवायचे नाहीत, टेबलावर दिसले पाहिजेत. आमची ताई हे सगळे शेजारणींना वाचून दाखवायची आणि "बघा, काय शिस्त!" असा शेरा मारायची.

तिसऱ्या आठवड्यात त्याने लिहिले, की घरची बाई निवृत्त शिक्षिका आहे. जेवण झाले की रोज अर्धा तास ती त्याचे फ्रेंच सुधारते. वर्गात डोक्यावरून जाते ते इथे कळते आणि याचे ती काही घेत नाही. सगळ्यांनी हात जोडलेल्या बाहुल्या पाठवल्या. मी सहज विचारले, "नाव काय रे तिचे?"

उत्तर आले, "मामा, मी तिला मादामच म्हणतो. आडनाव दारावर आहे, बघून सांगतो."

बाकीचे हसले. मला हसू आले नाही. का आले नाही ते सांगण्यासाठीच आजचा हा लेख.

वाचकहो, मी सरकारी कारकून आहे. वीस वर्षे झाली. आमच्या खात्यात एक गोष्ट कोणी शिकवत नाही, आपोआप कळते. जुने कागद शोधायचे कारकुनाने, नियम काढायचा कारकुनाने, टिपणी लिहायची कारकुनाने, मसुदा करायचा कारकुनाने. वर सही होते आणि दुसऱ्या दिवशी पेपरात येते की अमुक साहेबांनी निर्णय घेतला. माझी याबद्दल तक्रार नाही, त्याचाच पगार घेतो. शिवाय फाईलमध्ये टिपणीखाली माझी आद्याक्षरे तरी असतात. कोणी फाईल उघडलीच तर दिसतील. ज्ञानाच्या जगात मात्र ती आद्याक्षरेही पुसली जातात, आणि पुसणारे नेहमी परकेच असतात असे नाही. या प्रकारातली सर्वांत जाडजूड फाईल सुरतेची आहे. ती आज उघडू.

१७५८ च्या मे महिन्यात एक फ्रेंच तरुण सुरतेला पोचला. नाव आब्राहाम यासिंत आंक्तील द्युपेरों, वय सव्वीस. चार वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये त्याने एका हस्तलिखिताच्या चार पानांची नक्कल पाहिली होती. ती होती पारशांच्या 'वेंदिदाद'ची. लिपी वाचता येईना. एवढ्यावरून गड्याने ठरवले, की हिंदुस्थानात जाऊन ही भाषा शिकायची. जायला पैसे नव्हते म्हणून फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीत साधा शिपाई म्हणून नाव घातले. पुढे ओळखीच्या मंडळींनी खटपट करून त्याला फुकट प्रवास आणि थोडा भत्ता मिळवून दिला. १७५५ च्या ऑगस्टमध्ये तो पाँडिचेरीला उतरला. तिथून बंगालात चंद्रनगरला गेला, आजारी पडला. १७५७ मध्ये इंग्रजांनी चंद्रनगर घेतले तेव्हा तिथून निसटून ओरिसाच्या वाटेने पाँडिचेरीला परतला. मग भावाबरोबर जहाजाने सुरतेला निघाला, पण मुलूख बघायचा म्हणून माहेला उतरला आणि पुढची वाट जमिनीवरून धरली. वाटेत तो आपल्या गोव्यातही आला. मग घाट चढून मराठ्यांच्या मुलखातून गेला आणि तिथल्या माणसांच्या साधेपणाचे कौतुक लिहून ठेवले. वेरूळची लेणी पाहिली. अशा रीतीने हा विद्यार्थी आपल्या शाळेच्या दारात पोचला.

इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. सांगण्यासारखीच आहे. मी पुढचे विचारतो. शाळेत शिकवणारा कोण होता?

दस्तूर दाराब सोराबजी कुमाना. सुरतेचे पारशी धर्मगुरू. पुन्हा वाचा हे नाव, कारण मीही इतिहासाच्या कोणत्याच पाठ्यपुस्तकात ते वाचले नव्हते. बी.ए. झालो तरी नव्हते. मागाहून कधीतरी वाचता वाचता सापडले.

दाराब कोणी गल्लीतला पोटार्थी भटजी नव्हता. १७२० च्या सुमारास इराणमधल्या किरमाणहून दस्तूर जामास्प विलायती सुरतेला आले होते. त्यांनी इथल्या निवडक तरुणांना अवेस्ता आणि पहलवी शिकवली. त्यांच्यातला एक दाराब. म्हणजे आंक्तील यायच्या पस्तीस-चाळीस वर्षे आधी सुरतेत परदेशाहून गुरू आला होता आणि विद्या लावून गेला होता.

आता त्या पहिल्या दिवसांची कल्पना करा, पण या खेपेला यजमानाच्या बाजूने. आंक्तील काही पारशी घरात जेवायला-झोपायला नव्हता. सोवळ्याओवळ्यात ते शक्यच नव्हते. तो विद्यार्थी, दाराब शिक्षक, आणि दोघांच्या मधली भाषा फारसी, जी दोघांचीही मातृभाषा नव्हती. पारशी समाजात तेव्हा दोन तट पडलेले. प्रेताच्या तोंडावर पदान बांधावे की नाही यावर भांडण, पंचांगात एका महिन्याचा फरक त्यावर भांडण. १७४५ मध्ये कदमी मंडळी वेगळी झाली होती आणि दाराब त्या बाजूचा. अशा वेळी एक कमरेला तलवार लावणारा परधर्मी तरुण येतो आणि म्हणतो, तुमचा धर्मग्रंथ मला द्या, अर्थ सांगा, मी तो माझ्या देशी नेणार. तुम्ही-आम्ही काय केले असते? देवळाच्या गाभाऱ्यात चपला घालून येणाऱ्याला आपण काय म्हणतो ते आठवा.

दाराबने चालढकल केली. आंक्तीलच्या म्हणण्याप्रमाणे त्याला आधी जी 'वेंदिदाद'ची प्रत मिळाली ती सदोष होती. विरुद्ध गटाच्या मंचेरजी शेठकडची प्रत मिळवून त्याने ताडून पाहिली तेव्हा ते उघडकीला आले. पुस्तकांतून हा प्रसंग रंगवून येतो. लबाड पुजारी आणि चतुर युरोपियन. मला मात्र यात एक घाबरलेला माणूस दिसतो. आपल्याच लोकांना तो घाबरतो आहे, ग्रंथाच्या पावित्र्यासाठी घाबरतो आहे. आणि महत्त्वाचे म्हणजे, घाबरूनही त्याने शेवटी शिकवले. १७५९ मध्ये शब्दाला शब्द लावून अर्थ सांगितला, आंक्तीलने तो उतरवून घेतला. १७६१ च्या मार्चमध्ये आंक्तील सुरतेहून निघाला तेव्हा त्याच्याजवळ १८० हस्तलिखिते होती. १७७१ मध्ये पॅरिसला त्याचा 'झेंद-अवेस्ता' तीन खंडांत छापून आला. जगाने म्हटले, आंक्तीलने अवेस्ताचा शोध लावला.

शोध? कसला शोध? हरवले होते का ते? सुरत-नवसारीच्या अग्यारींत ते रोज म्हटले जात होते. माझ्या घरातले तुळशीवृंदावन उद्या एखाद्याने पाहिले तर त्याने तुळशीचा शोध लावला म्हणायचे काय?

यावर आमच्या ओळखीचे एक विद्वान मला म्हणाले, "असे भावनिक होऊ नका. पारशांना ग्रंथ होता, पण जगाला तो कळला आंक्तीलमुळे." ठीक आहे. मग त्यांच्यासाठी पुरावा देतो. आंक्तीलच्या खूप आधी, १७१८ मध्ये, सुरतेतच एका इंग्रजाला पारशांकडून 'वेंदिदाद'ची प्रत मिळाली होती. ती १७२३ मध्ये ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात पोचली आणि साखळीला बांधून लोकांना दाखवायला ठेवली गेली. ज्या चार पानांची नक्कल आंक्तीलने पाहिली ती याच प्रतीची. ऑक्सफर्डमध्ये पंडितांची वाण नव्हती. तरीही इतकी वर्षे ती प्रत कोणाला वाचता आली नाही. पुढे फ्रेझर नावाचा एक स्कॉटिश गृहस्थही सुरतेत आला. त्याला हस्तलिखिते मिळाली, पण शिकवायला कोणी तयार झाले नाही. तो रिकाम्या डोक्याने परत गेला.

आता हिशेब मांडा. १७२३ साली युरोपात पुस्तक होते, विद्वान होते, ग्रंथालय होते. फ्रेझरपाशी चिकाटी आणि पैसाही होता. मग कमी काय होते? शिकवणारा. आंक्तीलला जे मिळाले आणि आधीच्यांना मिळाले नाही ते एकच, दाराब. तरीसुद्धा श्रेयाच्या पाटीवर दाराबचे नाव नाही. हा भावनेचा नाही, साध्या वजाबाकीचा प्रश्न आहे.

बरे, श्रेय दिले नाही ते दिले नाही, दोष मात्र बिनचूक पोचवला! पुस्तक निघाले त्याच वर्षी विल्यम जोन्सने, होय, पुढे कलकत्त्याला एशियाटिक सोसायटी काढणाऱ्या त्याच जोन्सने, फ्रेंचमध्ये एक झोंबरे पत्रक छापून आंक्तीलची टर उडवली. असला बाष्कळ मजकूर झरथुष्ट्राचा असूच शकत नाही म्हणाला. १८२६ मध्ये डेन्मार्कच्या रास्कने सिद्ध केले, की भाषा अस्सल जुनी आहे आणि संस्कृतची सख्खी नातेवाईक आहे. मग आंक्तील सुटला. पण त्याच्या भाषांतरात चुका आहेत हेही दिसून आले, आणि त्या कोणाच्या नावे गेल्या? दाराबच्या. त्याला व्याकरण येत नव्हते, त्याने परंपरेने ऐकलेला अर्थ सांगितला, वगैरे. म्हणजे बरोबर आले ते आंक्तीलचे, चुकले ते दाराबचे. आमच्या खात्यातही हीच रीत आहे. निर्णय साहेबांचा, चूक कारकुनाची.

आणि चुका सुधारल्या कशा, ते तर आणखी मजेचे आहे. फ्रान्सच्याच ब्युर्नुफने १८३३ पासून 'यस्न'वर जे काम केले त्यात त्याने आधार घेतला नेर्योसंग धवल याच्या संस्कृत भाषांतराचा. हा नेर्योसंग गुजरातमधला पारशी पंडित, कित्येक शतके आधीचा. म्हणजे एका पारशी गुरूच्या अर्थातल्या चुका दुसऱ्या पारशी गुरूच्या पोथीने काढल्या, आणि दोन्ही वेळा टाळ्या पॅरिसला पडल्या.

आता आंक्तीलवर अन्याय नको. तो भला माणूस होता. १७७८ च्या आपल्या ग्रंथात त्याने युरोपियनांना ठणकावून सांगितले, की पूर्वेकडच्या देशांत कायदा नाही, मालमत्तेचा हक्क नाही, हे तुमचे म्हणणे खोटे आहे. तो ग्रंथ त्याने हिंदुस्थानच्या लोकांना अर्पण केला. म्हातारपणी उपनिषदांचे लॅटिन भाषांतर छापले, तेही दारा शुकोहच्या फारसी भाषांतरावरून, आणि जर्मनीचा शोपेनहाउअर ते वाचून भारावला. मुख्य म्हणजे आंक्तीलने दाराबचे नाव लपवले नाही. त्याच्याविरुद्ध तक्रारी लिहिल्या, पण नाव घालून लिहिल्या. आज आपल्याला दाराब ठाऊक आहे तो मुख्यतः त्या तक्रारींमुळे. त्याची बाजूही नीट पाहावी म्हणून १९१६ मध्ये मुंबईच्या जीवनजी जमशेदजी मोदींना आंक्तील आणि दाराब या जोडीवर पुस्तक लिहावे लागले. शिष्याने आद्याक्षरे ठेवली होती. पुसली ती नंतरच्यांनी. पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्यांनी, भाषणे ठोकणाऱ्यांनी, तुम्ही-आम्ही.

आपले घर तपासू या. थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आला, मराठी शिकला आणि १६१६ मध्ये त्याचे 'क्रिस्तपुराण' छापले गेले. आपण दरवर्षी मराठी दिनाला त्याचे गोडवे गातो, गावेतच. पण त्या इंग्रजाच्या कानात ओवीचा ठेका कोणी बसवला? कोणी त्याचे उच्चार सुधारले? हा प्रश्न मी एकाही व्यासपीठावर ऐकलेला नाही. 'मोल्सवर्थ' म्हटले की आपण मान डोलावतो. पण त्याच्या १८३१ च्या कोशाआधी, १८२९ मध्ये, जगन्नाथशास्त्री क्रमवंत आणि इतर शास्त्रीमंडळींनी 'महाराष्ट्र भाषेचा कोश' सिद्ध केला होता, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

वेगळे वागता येत होते, याचाही दाखला आपल्याच माणसांचा आहे. 'होर्तुस मलबारिकुस' हा मलबारच्या वनस्पतींवरचा डच ग्रंथ. त्याच्या १६७८ च्या पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित आणि आपुभट या कोचीच्या तिघा वैद्यांचे पत्र नागरी लिपीत जसेच्या तसे छापले आहे. इट्टी अच्युदन या मल्याळी वैद्याचेही आहे. कोण शिकवले, कसे शिकवले, नावासकट, सहीसकट. साडेतीनशे वर्षांपूर्वी एका डच कारभाऱ्याला जे सुचले ते आजच्या विद्यापीठांना सुचत नाही.

नाहीच सुचत. ही शेवटची फाईल माझ्या घरची.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एक फ्रेंच विद्यार्थिनी आमच्या फोंडा तालुक्यातल्या घरी तीन महिने राहिली. बायकांच्या गाण्यांवर तिला प्रबंध लिहायचा होता. पहिले आठ दिवस तिला आमचे जेवण सोसेना. आई तिच्यासाठी वेगळी पेज करायची, सुंगटांची किस्मूर कमी तिखट करायची. ती वही घेऊन आईच्या मागे मागे. आई म्हणायची, "गो बाय, पयलीं जेव, मागीर बरय." जात्यावरच्या ओव्या, धालोची गाणी, आईने तिला एकेक शब्द फोडून सांगितला. शब्द जुना असेल तर अर्थ, अर्थ कळला नाही तर हावभाव. पौषात तिला मांडावर नेले, बायकांच्या रांगेत उभे केले. जाताना मुलगी रडली, आईही रडली. मनाने वाईट नव्हती ती.

दोन-तीन वर्षांनी पुस्तक आले. तिने आठवणीने पाठवले. मी शब्दकोश घेऊन बसलो. आमच्या आईची सव्वीस गाणी त्यात होती, अर्थासकट. मार्गदर्शक प्राध्यापकांचे आभार, शिष्यवृत्ती देणाऱ्यांचे आभार, ग्रंथपालांचे आभार. आणि गाण्यांखाली? 'फोंडा तालुक्यातील एक वृद्ध माहितगार स्त्री.' आई तेव्हा अठ्ठावन्नची होती. 'वृद्ध' ऐकून ती पोट धरून हसली. मी पत्र लिहून विचारले. उत्तर आले, की व्यक्तीची खासगी माहिती उघड करायची नाही असा नियम आहे. नियम मलाही समजतात, आयुष्य त्यात गेले. पण नियम आईच्या भल्यासाठी होता तर आईला एकदा विचारायचे होते. प्राध्यापकांच्या नावाला खासगीपणा लागत नाही, तो नेमका शिकवणाऱ्या म्हातारीलाच लागतो?

आईला मी हे सांगितले तर ती म्हणाली, "म्हजें नांव कित्याक? घालचें जाल्यार म्हज्या आवयचें घालूंक जाय आशिल्लें. तिणें म्हाका शिकयलें."

यावर कोणी म्हणेल, बघा, हीच आपली संस्कृती, नावाचा मोह नाही! इथेच मी भांडतो. आईने नाव नको म्हणणे हा तिचा मोठेपणा. तिच्या मोठेपणाच्या आधाराने आपण नाव गाळणे ही आपली चोरी. आणि नीट ऐकले तर आई नाव नको म्हणतच नव्हती. ती आणखी एक नाव मागत होती. दाराबला विचारले असते तर त्यानेही कदाचित जामास्पांचेच नाव सांगितले असते. आपल्याकडे विद्या अशीच नावानिशी खाली येते. साखळी तुटते ती छापखान्यात.

आईचे नाव मी इथे लिहीत नाही. माझ्या लेखात ते टाकून भरपाई होत नाही, ते जिथे हवे होते तिथे नाही.

पण एवढे तरी आपल्या हातात आहे. 'आंक्तीलने अवेस्ताचा शोध लावला' असे वाक्य मुलाच्या पुस्तकात दिसले तर पेन्सिलीने समासात लिहा, 'दाराबने शिकवला.' घरी कोणी परदेशी विद्यार्थी शिकायला आला तर जेवण जरूर घाला, पण पहिल्याच दिवशी सांगा, की नाव घालायचे की नाही ते आम्हाला विचारून ठरवायचे. आणि आपली मुले बाहेर शिकायला जातात तेव्हा त्यांनाही हेच बजावा. कारण तिथे आपला मुलगा आंक्तील असतो आणि स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसलेली म्हातारी दाराब असते. विसरण्याचा रोग कातडीचा रंग बघत नाही.

भाच्याने दुसऱ्या दिवशी मादामचे पूर्ण नाव कळवले. मी त्याला लिहिले, "वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव. उद्या प्रबंध लिहिशील तेव्हा पहिल्या पानावर ते दिसले नाही, तर चवथीला नेवऱ्या मिळणार नाहीत."

त्याने हसणारी बाहुली पाठवली. मी गंमत करत नव्हतो.